आत्याचा नवस आणि अर्धा बांगडा

आत्या गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

हे लोकांना कसं सांगायचं कळत नव्हतं, म्हणून वर्षभर काहीच लिहिलं नाही. आज तिचं वर्षश्राद्ध. आज लिहिते.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. जोगेश्वरीच्या आमच्या दोन खोल्यांत ती माझ्या जन्माच्या आधीपासून राहायची. अंधेरीला एमआयडीसीत औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायची.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. पेढे मात्र तिने वाटले.

मग मला एका संस्थेची इंटर्नशिप मिळाली. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या पोषणाचं काम, आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात.

बाबा मोबाइलवर नकाशा मोठा करून बघत बसले. आत्याने एकच विचारलं.

"थंय मासे गावतत?"

"मोठं तळं आहे गं. भरपूर मिळतात."

"मग जा."

तिथे खरंच मासे होते. बारीक, उन्हात सुकवलेले. वास थेट आपल्या सुकटीचा. मी फोटो पाठवायचे आणि आत्या "बरे दिसतत" एवढंच म्हणायची.

मला वाटायचं, तिच्या तोंडाला पाणी सुटत असेल.

सुटतच होतं. पण ती खात नव्हती.

हे मला कळलं ती आजारी पडल्यावर. पोटाचा कॅन्सर, आणि उशिरा समजलेला. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, आता त्यांना जे आवडेल ते द्या.

मी म्हटलं, "मग बांगडे आण की."

आई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. मग म्हणाली, "तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय तिने. तू विमानात बसलीस त्या दिवसापासून मासा सोडलाय. नवस बोललीय. बाजारातली मासेवाली मावशी रोज विचारते, तुझी नणंद माझ्यावर रुसली का गं?"

मालवणी बाईने मासा सोडणं म्हणजे काय, हे माझ्या इथल्या मित्रयादीतल्या निम्म्या लोकांना सांगायला नको.

मी लगेच आत्याला व्हिडिओ कॉल लावला. "मी परत येते. म्हणजे तुझा नवस सुटेल."

"येव नको. मी रवळनाथाक काय सांगितलंय? चेडू काम पुरा करून सुखरूप घराक येयत, तेवाच मासो खायन. अर्ध्यावर इलंस तर नवस खंय फिटलो?"

"आत्या, देव एवढा हट्टी नसतो."

"तो नाय. मी आसंय."

काम संपायला अजून बरेच महिने होते. आत्याकडे तेवढे नव्हते. हे तिला माहीत होतं, मलाही.

दिवसा मी गावोगावी चित्रं दाखवत बायकांना सांगायचे, मासे खा, अंडी खा. आणि घरी माझ्यासाठी एक बाई पेजेवर होती. माझी पार वाट लागली होती.

त्याच सुमारास आम्ही एका घरी गेलो. तिथल्या सुनेला गरोदरपणात अंडं बंद. मी चित्रं काढायला लागले, तर आमच्या सिनियर नर्स ग्रेसने मला थांबवलं. सुनेशी बोललीच नाही ती. अंगणात बसलेल्या आजेसासूपाशी जाऊन बसली. गप्पा मारल्या, हसली, शेवटी परवानगी मागितली. म्हातारी जरा वेळाने हो म्हणाली.

परतताना ग्रेस म्हणाली, "समजुतीशी भांडायचं नाही. बंदी सोडायचा अधिकार कोणाचा ते शोधायचं आणि त्यालाच विचारायचं."

मला रस्त्यातच सुचलं.

आत्याने शब्द दिला होता गावच्या रवळनाथाला. मग त्यालाच विचारू की. कौल लावू.

गावी राहणाऱ्या बाळाकाकांना फोन केला. ते म्हणाले, "आधी का नाय बोललंस?"

ठरल्या दिवशी देवळात काकांच्या हातात फोन. इकडे जोगेश्वरीला आत्या उशीला टेकून. मी ऑफिसच्या ओट्यावर. गुरवांनी देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. तुझी ही लेक आजारी आसा, तिका मासो खावक तुझी परवानगी आसात तर उजवो कौल दी.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. आत्यासुद्धा.

कळ्या हलेचनात.

"काका, जरा पंखा लावा ना," मी म्हटलं.

"गप रव," आत्या म्हणाली. "तेका घाई नाय."

मला होती. डावी पडली असती तर आत्याने मरेपर्यंत माशाला हात लावला नसता, हे मला पक्कं माहीत होतं.

उजवी पडली.

काकांनी कळी फोनसमोर धरली. मग आत्या आईकडे वळून म्हणाली, "कल्ले लाल बघून हाड."

आईने तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. आत्या अर्धाच बांगडा खाऊ शकली, पण बोटं चाटून खाल्ला. मी फोनवर बघत होते.

"कसं झालंय गं?"

"बोलाक लावू नको. काटो लागात."

त्यानंतर काही दिवसांनी ती गेली. मी पोचू शकले नाही.

दहाव्याला बाबांनी फोन केला. "पिंड ठेवला आणि कावळा शिवला गं. थांबावंच लागलं नाही."

तेव्हा मी ग्रेसच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडले. दुःख होतंच. पण माझ्यामुळे तिचं काही राहून गेलं नाही, याचं ते रडणं होतं.

काम पूर्ण करून मी परत आले आणि आधी गावी जाऊन नारळ ठेवला. नवस बोलली ती, फेडला मी.

आज घरी श्राद्धाचं जेवण आहे, साधं वरण-भात, वडे, खीर. उद्या सकाळी मी बाजारात जाणार. मासेवाली मावशी ओळखेल. कल्ले लाल बघून आणीन.

आत्या, मनासारखं जेवून गेलीस. आता स्वस्थ राहा.

तुझं चेडू घरी आलंय.