केपवाल्या काकूंची करंगळी

केपवाल्या काकू मांजराला आफ्रिकान्समधून रागवायच्या आणि आमचं श्रीरामपूरचं मांजर ते मुकाट ऐकून घ्यायचं. काकूंचा जन्म केपटाऊनचा. वडिलांचं तिथं शिवणकामाचं दुकान, आणि सगळी गल्ली ती भाषा बोलणारी. रेल्वेतल्या कारकुनाशी लग्न होऊन त्या इकडं आल्या, तेव्हापासून माहेरचं बोलायला एक मांजरच काय ते उरलं होतं. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला मी शेजारच्या घरात सून म्हणून आले आणि मांजर सुटलं.

दुपारी आमच्या ओट्यावर शाळा भरायची. सासूबाई ज्वारी निवडत बसलेल्या असायच्या. काकू चार बोटं पुढं करायच्या. "हे कान, म्हणजे जमतं. हे वल, म्हणजे करावंसं वाटतं. हे मुट, करावंच लागतं. आणि करंगळी माख, परवानगी. शाळेत पोरं दाखवतात ना, तश्शी. एवढं आलं की निम्मी भाषा आली गं बाई."

मी म्हटलं, "काकू, सासरी मुट एकटंच पुरतं." काकू हसता हसता ओट्यावरून घसरल्या.

"काय म्हनली गं ती?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचं कौतुक करतेय, वहिनी."

मला नगरला डी.एड.ला जायचं होतं. प्रवेश मिळाला होता, ह्यांची ना नव्हती. पण सासूबाई मूळच्या काष्टीच्या, एकदा बोलल्या की बोलल्या. "सून परगावी ऱ्हाती व्हय कुठं?" मी रडकुंडीला आले. काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, "रडू नकोस. उजळणी कर."

दुसऱ्या दिवसापासून खेळच लावला. दळणाला, बाजाराला निघताना मी दारातून विचारायचं, "माख एक खान?" म्हणजे, जाऊ का? आणि सासूबाईंनी म्हणायचं, "या, येय माख." हो, जा. "परवानगी तुमच्याशिवाय कोण देणार, वहिनी?" काकूंचं हे म्हणणं सासूबाईंना भलतंच पटलं. पुढं पुढं तर त्या दारातल्या गवळ्यालाही "येय माख" म्हणून वाटेला लावायच्या. गल्लीला हा खेळ पाठ झाला.

प्रवेशाची मुदत संपत आली, तेव्हा आमच्याकडं हळदीकुंकू होतं. काकू कानात म्हणाल्या, "आज विचार." ओटा बायकांनी भरलेला. मी दारातून विचारलं, "माख एक खान, नगरला, डी.एड.ला?"

"या, येय माख," म्हणून सासूबाई मोकळ्या झाल्या. मग करंड्यावरचा त्यांचा हात थांबला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" काकू म्हणाल्या.

सासूबाईंनी काकूंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा त्याच हसल्या. "लई बेरकी हाय ही केपवाली. दिला शब्द. पन सनाला घरी यायचं, मुट."

मी शिकले, जन्मभर मास्तरीण म्हणून मिरवले. काकूंना शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्यांची वाचा गेली होती. बराच वेळ उशाशी बसले. निघताना पाय उचलेना, तेव्हा दारातून सवयीनं विचारलं, "माख एक खान?"

काकूंनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि करंगळी हलवली.