म्हशी विकून आणलेला रेडा

१९९८ साल. गुढीपाडवा ते बुद्धपौर्णिमा, ऐन जत्रांचा हंगाम. तमाशाच्या फडात माणूस राहिला की किस्से ट्रकच्या टपावरच्या धुळीसारखे साचतात. झटकले तरी राहतात. लोक ढोलकीचे किस्से सांगतात, नाचणारणींचे सांगतात. बासचे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

नारायणगावच्या एका फडात मी बास गिटार वाजवायचो. चार जाड तारा, खालचे सूर. माझं शिक्षण चौथी. सुरात मात्र माझी चूक कुणी काढलेली नाही.

०

त्या सालच्या माघात माझ्या जुन्या गिटारीची मान वाकली. दुरुस्तीला पुण्याला नेली. कॅम्पात एक म्हातारा कारागीर होता. वर्षाला दोनच गिटारी करायचा, त्याही हातानं. भिंतीवर एक टांगलेली होती. अंग फणसाचं, मानेवर शिसवाची पट्टी. मी एक तार छेडली. आवाज कानात आलाच नाही, सरळ फासळ्यांत शिरला.

"विकायची नाही," कारागीर म्हणाला. "ज्याच्यासाठी केली तो परदेशी गेला. आता योग्य माणूस भेटल्याशिवाय द्यायची नाही."

मी दिवसभर दुकानात बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "वाजवता कुठं?"

"तमाशात."

दुकानात जीनवाली दोन पोरं होती, ती हसली. म्हातारा हसला नाही. म्हणाला, "तिथं धूळ फार. दर सोमवारी कोरड्या फडक्यानं पुसत जा."

मी समजलो.

०

घरी येऊन दोन म्हशी विकल्या. गिटार आणून ओसरीवर ठेवली. आमच्या मंडळींनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"म्हशीचं निदान शेण तरी येत व्हतं," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

फडात ही बातमी माझ्या आधी पोचली होती. आमचा ढोलकीवाला महिपत. वीस वर्षांची ओळख, आणि वीस वर्षांत एक गोड शब्द नाही. गिटारीची पेटी उघडली तेव्हा तो विडी ओढत उभा होता.

"म्हशी इकून रेडा आणलास व्हय बबन्या?"

"आणला."

"दूध देतो का?"

"तुझ्या ढोलकीनं किती दिलं?"

तेव्हापासून फडात माझ्या गिटारीचं नाव रेडा.

०

पाडव्याआधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, सुपारी ठरवतात, घासाघीस करतात. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावचे पंच आले. त्यातल्या थोरल्यानं सगळी वाद्यं हात लावून मोजली. माझ्यापाशी थांबला.

"गिटारीला सहा तारा असत्यात. हिला चारच हायेत. दोन कमी. मालकीणबाई, त्या मानानं पैसं कमी करा."

आमची मालकीण शेवंताबाई बोलायच्या आधी मी बोललो. "पावणं, ढोलकीला एकबी तार न्हाई. तिचं मग काय देता?"

राहुटीत सगळे हसले, महिपत सोडून. सुपारी पुऱ्या पैशांत ठरली. पंच गेल्यावर बाईंनी मला जवळ बोलावलं.

"बबन, जीभ लई चालती तुझी. बास मात्र कुणाला ऐकू येत न्हाई. कीबोर्डवाला डाव्या हातानं तेवढं वाजवतोय. पौर्णिमेपातुर बघते. तवर तुझा बास कुणाला कळला न्हाई, तर फुडच्या हंगामाला तू घरी."

"कळंल," मी म्हणालो.

०

पण कळावा कसा? आमच्याकडं कर्ण्यांचे भोंगे. त्यातून नाचणारणीचा गळा जातो, ढोलकी जाते. खालचा सूर जात नाही. साउंडवाला तर माझं बटण शून्यावरच ठेवायचा. म्हणायचा, "भोंगं फाटत्यात, राव."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. गिटारीला माझा वेगळा स्पीकरचा खोका होता, तो स्टेजच्या फळ्यांवर पालथा घातला, तोंड खाली. सगळे म्हणाले, याचं डोकं फिरलं.

खेळ सुटल्यावर नंदा आली. आमच्या फडातली पहिल्या नंबरची नाचणारी. चाळ सोडता सोडता म्हणाली, "बबनभाऊ, आज फळ्या बोलत व्हत्या. तुमचा सूर तळपायाला लागतोय."

"बाईस्नी सांग."

"त्यांना काय सांगायचं? त्या फळ्या सोडून खुर्चीवर बसत्यात."

०

चैत्र सरताना आळेफाट्याच्या पुढं गारांनी गाठलं. आम्ही मागं ट्रकमध्ये होतो, वरची ताडपत्री फाटली. पेटीच्या कडीतून पाणी शिरू लागलं. मी सदरा काढून पेटीवर टाकला आणि वर पालथा पडलो.

फडाचा नियम असा, की केबिनमध्ये ड्रायव्हर, बाई आणि ढोलकी. ढोलकीसोबत महिपत. दुसऱ्या वाद्याला तिथं जागा नाही. ट्रक थांबला. महिपत खाली उतरून मागं आला. "आण तो रेडा."

ढोलकी बाईंच्या मांडीवर गेली आणि महिपतच्या जागेवर माझी पेटी बसली. महिपत डोक्यावर पोतं घेऊन माझ्याशेजारी मागं बसला. गारा पोत्यावर तडतडत होत्या.

"तुझ्यासाठी न्हाई," तो म्हणाला. "लाकडासाठी."

"उपकार झाले."

"फेडशील."



०

पौर्णिमेला त्याच तारा मोजणाऱ्या पंचांचं गाव. रात्रीचा खेळ झाला. सकाळी हजेरी, म्हणजे दिवसाउजेडी पुन्हा एक खेळ. हंगामातली शेवटची. जादा ढोलकी सामानाखाली बांधून झाली होती.

दहाचं ऊन. नंदाची लावणी रंगात आलेली, आणि महिपतच्या ढोलकीचं कातडं फाटलं. एकदम, उभं.

महिपतचे हात हवेत राहिले. वीस वर्षांत मी त्याचं तोंड असं पाहिलं नव्हतं. कीबोर्डवाला थांबला. पुढून एक शिट्टी आली, मग एक खडा आला. थोरला पंच उठून उभा राहिला.

मी जाड तारेवर अंगठा मारला. महिपतचाच ठेका, वीस वर्षं ऐकलेला. नंदानं एकदा पायाकडं पाहिलं आणि पाऊल टाकलं. नुसता बास आणि चाळ. फळ्या घुमायला लागल्या. पुढं जमिनीवर बसलेली माणसं मागं सरकली, मग पुन्हा पुढं आली. शेवंताबाई खुर्चीवरून उठल्या, चपला काढल्या आणि फळीवर उभ्या राहिल्या. महिपत फाटकी ढोलकी मांडीवर घेऊन बसला होता, बोटांनी लाकडावर मात्रा मोजत.

लावणी पुरी झाली. थोरला पंच स्टेजपाशी आला, फळीला हात लावून बघितला आणि गेला.

ट्रक भरताना बाई म्हणाल्या, "बबन, फुडच्या माघात पुण्याला गेलास की जास्तीच्या तारा आण."

महिपत शालीत ढोलकी गुंडाळत होता.

"फिटलं," तो म्हणाला.

"फिटलं," मी म्हणालो.