दामले सरांचं ‘दोनदा डावीकडे’

दामले सर रिटायर झाले नव्हते. त्यांना काढलं होतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण आज शोकसभेत माईकवरून वेगळंच ऐकवलं गेलं.

हडपसरच्या एका मोठ्या क्लासमध्ये सर आम्हाला अकरावीचं मॅथ्स शिकवायचे. क्लासचं नाव घेत नाही. गेटवर त्यांनी सरांचा फ्लेक्स लावलाय, फोटोखाली ‘अ‍ॅडमिशन्स ओपन’सकट. जाऊन वाचा.

सर नारायण पेठेतले. रोज बसने यायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, “मी जोक सांगत नाही. हसायचं असेल तर आपापले टेस्टचे पेपर काढा.”

कॉम्प्लेक्स नंबर्स सुरू झाले. सरांनी फळ्यावर वजा एकचं वर्गमूळ लिहिलं, शेजारी त्याचं नाव, i.

मी म्हटलं, “सर, असं नसतंच ना. कुठल्याच नंबरचा स्क्वेअर मायनस येत नाही.”

“बरोबर, शेवाळेबाई. या सरळ रेषेवर नाहीच तो. रेषेवर शोधत बसलात तर जन्म जाईल. उठा.”

अख्खा वर्ग उठला.

“फळा म्हणजे अधिक एक. मागची भिंत म्हणजे वजा एक. आता डावीकडे वळा. हे झालं एकदा i ने गुणणं. परत डावीकडे. पुन्हा i. समोर काय आहे?”

“मागची भिंत.”

“म्हणजे i गुणिले i, वजा एक. याला काल्पनिक संख्या म्हणतात. यात काल्पनिक काय आहे? उगाच बदनाम केलंय बिचाऱ्याला.”

अजून दोनदा वळलो की पुन्हा फळा समोर. सर म्हणायचे, “आलात घरी.”

बेरीज फरशांवर. ३ + २i म्हणजे तीन फरशा पुढे, दोन डावीकडे. त्यात १ + ४i मिळवायचे असतील तर पुढच्या फरशा पुढच्यात, डावीकडच्या डावीकडच्यात. “सरमिसळ नको. पोहे आणि साबुदाणा एकत्र भिजवता का?”

क्लासमध्ये सीसीटीव्ही. पालकांना अ‍ॅपवर वर्ग लाइव्ह दिसायचा.

घरी गेले तर पप्पा म्हणाले, “आगं, तुमच्या क्लासात गणित हाय का पीटी?”

मी त्यांना ओट्यासमोर उभं केलं आणि दोनदा वळवलं. “आरं तिच्या! हे तर कळलं की,” म्हणाले.

बाकीच्यांच्या पप्पांना नाही कळलं. ग्रुपवर मेसेज पडला, फी काय गोल फिरायला भरली का?

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर तासाच्या मधेच वर्गात. आमच्यादेखत म्हणाले, “दामले, i ची पॉवर दिली की चारने भागायचं, बाकी बघायची, ऑप्शन टिक. दोन मिनिटांचं काम. पोरांना गरागरा काय फिरवताय?”

सर म्हणाले, “अहो, चारनेच का भागायचं, तेच दाखवतोय.”

सोमवारी दुसरे सर आले. दामले सरांचा नंबर बॅचच्या ग्रुपमधून गायब. निरोप नाही, काही नाही.

भागाकार राहिला होता.

काही महिन्यांनी सर मला पेठेतच दिसले, हातात भाजीची पिशवी. मी नमस्कार केला. कसे आहात विचारणार, तर सरांचाच प्रश्न, “भागाकार घेतला का त्यांनी?”

“फॉर्म्युला दिला, सर.”

“वाटलंच.”

पिशवी एका उभ्या स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि सुरू झाले. “छेदात ३ + ४i आहे. त्याने थेट भागता येत नाही. मग त्याचा जोडीदार आण, ३ − ४i. पुढे तेवढाच, फक्त डावीकडे नाही, उजवीकडे. दोघांचा गुणाकार कर.”

मी तोंडी गुणलं. “पंचवीस.”

“गेला ना i? आता वरच्यालाही त्याच जोडीदाराने गुण, आणि भाग सुखाने.”

तेवढ्यात स्कूटरवाला आला. “आजोबा, दुकान मांडलंय का?”

“वर्ग भरवलाय. उभे राहा, जागा आहे.”

त्यानंतर कुठल्याच क्लासने सरांना घेतलं नाही. वय विचारायचे आणि चहा पाजून परत पाठवायचे. चाळीस पोरं एका दमात उठवणारा माणूस घरी बसून राहिला. गेल्या आठवड्यात झोपेतच गेले.

आणि आज त्याच क्लासच्या हॉलमध्ये शोकसभा. डायरेक्टर माईकवर.

“दामले सर म्हणजे आमच्या परिवाराचे आधारस्तंभ. तब्येतीमुळे त्यांनी स्वतःहून विश्रांती घेतली. त्यांची ती वळण्याची मेथड, वुई आर सो प्राउड.”

पहिल्या रांगेत काकू, सरांच्या पत्नी. त्यांना सगळं माहीत होतं. मान खाली घालून ऐकून घेत होत्या. त्या माउलीसमोर असं खोटं बोलायला जीभ रेटते कशी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग दोन मिनिटं शांतता. सगळे उभे राहिले.

आमची जुनी बॅच काकूंच्या मागेच होती. कोणीतरी हळूच म्हणालं, “गुणिले i.”

आम्ही डावीकडे वळलो.

“गुणिले i.”

आता आमच्यासमोर मागची भिंत होती. आणि डायरेक्टरांसमोर आमच्या पाठी.

पायांचा आवाज ऐकून काकूंनी मान वळवून पाहिलं. मला वाटलं, रागावणार. त्यांनी एकदा स्टेजकडे बघितलं आणि त्याही डावीकडे वळल्या. मग परत डावीकडे. सरांनी घरी कितीदा वळवलं असेल त्यांना.

माईकवरून “थँक यू, बसा” आलं. दोन मिनिटं झाली होती की नाही, कोण जाणे.

सरांच्या हिशोबाने तोंड पुन्हा समोर यायला अजून दोन वळणं लागतात. ती आम्ही घेतलीच नाहीत. काकूंना पुढे घातलं आणि मागच्या दाराने बाहेर पडलो.

‘भावपूर्ण’ वगैरे त्यांनी फ्लेक्सवर छापलंय. माझ्याकडून साधा नमस्कार, सर.

भागाकार येतो मला.