खंडेनवमीला बदललेल्या दोन पेट्या

माझ्या लाडक्या नातवंडांनो, यंत्राला ताप येतो, राग येतो आणि शेजारणीची दृष्टही लागते, असं मनापासून मानणारा इंजिनिअर उभ्या कोल्हापुरात एकच होता, आणि तो माझा धाकटा दीर होता. तुमचे धाकटे आजोबा गेल्या महिन्यात गेले. तुम्ही त्यांना संगणकाच्या कॅमेऱ्यातून हात हलवतानाच पाहिलंत. मला सगळं नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

ते साखर कारखान्यात संगणकखोलीचे प्रमुख होते. खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, आणि यातून साक्षात एमडीसाहेबही सुटले नाहीत. आत एसी इतका गार की भाऊजी भर मे महिन्यात स्वेटर आणि माकडटोपी घालून घरी येत, राजारामपुरीतले शेजारी विचारत, "महाबळेश्वरास्नं आलासा काय?" रोज सकाळी ते प्रत्येक यंत्रावर तळहात ठेवत आणि गंभीरपणे म्हणत, "आज जरा कणकण हाय." घरातही तेच. एकदा तुमची आई आणि मी दोन दिवस बोलत नव्हतो, तर म्हणाले, "वहिनी, तारा चांगल्या हाईत, तुमचा मधला स्विच तेवढा गेलाय."

हा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. सगळ्या संगणकांच्या तारा एका लोखंडी पेटीत येतात आणि ती पेटी ज्याचा निरोप त्याला पोचवते. कारखान्यात अशा दोन पेट्या होत्या, आणि दोन्ही म्हाताऱ्या झाल्या होत्या. आदल्या हंगामात त्या सारख्या बंद पडायच्या आणि वजनकाट्यावर उसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत तुंबायच्या. एमडीसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, "नव्या पेट्या तुम्ही बसवा. हंगामाच्या पहिल्या दिवशी काटा अडला, तर खोली पुण्याच्या कंपनीकडे आणि तुम्ही गोदामात."

भाऊजींनी दिवस निवडला खंडेनवमीचा, कारण त्या दिवशी यंत्रांची पूजा होते आणि कुणी काम करत नाही. तारा चाळीस. नव्या पेट्यांत प्रत्येक विभागाची जागा ठरलेली, म्हणून प्रत्येक तारेला नावाची चिठ्ठी हवी. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला बॉलपेनने लिहिणं असभ्य वाटतं, तेव्हा मी शाईच्या पेनने सुरेख चिठ्ठ्या लिहून तारांना बांधल्या. तारा सोडवून झाल्यावर जुन्या पेट्या उतरवायच्या, तर भाऊजी म्हणाले, "अशाच न्हाय काढायच्या. एवढी वर्षं राबल्यात." हळदकुंकू वाहिलं आणि फुलाने सढळ हाताने पाणी शिंपडलं. चाळीसही नावं निळी होऊन वाहून गेली.

"वहिनी, ह्ये काय वो केलंसा?"

"मी? पाणी कुणी शिंपडलं?"

ते स्टुलावर बसले आणि एकच शब्द बोलले, "गोदाम."

मग नव्या पेट्या बसवून त्यांनी मला विभागाविभागांत पाठवलं. संगणकाच्या मागे तार जोडतात तिथे बारीक हिरवा दिवा असतो. तो लागला की मी इंटरकॉमवर "आला" म्हणायचं. ते तिकडे तार हातात घेऊन ओळखत होते: "हिला उंदरानं चावलंय, म्हंजे कँटीन. ही वळताना लई रुसलेली, शेती विभाग." दहापैकी आठ वेळा बरोबर. संध्याकाळी एकच तार उरली, गेटजवळच्या वजनकाट्याची. मी तिथे गेले. दिवा लागेना.

"आला?"

"नाही."

"आता?"

"भाऊजी, नाही हो."

मग ते स्वतः अनवाणीच आवार ओलांडून आले. संगणकाला झेंडूचा हार होता आणि समोर नारळ. बाकीच्या संगणकांची पूजा काम संपल्यावर व्हायची होती; गेटवरच्या वॉचमनने ह्याची दुपारीच उरकली होती आणि संगणक बंद करून ठेवला होता. मला दिवा बघायला सांगितलं होतं, मी दिवाच बघत होते.

"चालू कर," भाऊजी वॉचमनला म्हणाले.

"न्हाय साहेब. पुजल्यालं मशिन नवमीला चालू करायचं नसतंय. तुम्हीच सांगितलासा की!"

भाऊजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आयुष्यभर ज्यांनी सगळ्यांना हा नियम शिकवला, तेच तिथे उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हात जोडले, "माफ कर बाबा, आजच्या दिवस," असं त्या संगणकाला सांगितलं आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. वॉचमन म्हणाला, "पाप तुमच्याकडं, बरं का."

हंगाम सुरू झाला त्या दिवशी एकही गाडी अडली नाही. एमडीसाहेब चपला काढून खोलीत आले आणि हात मिळवून गेले. भाऊजी त्याच खोलीतून निवृत्त झाले.

परवा तेराव्याला तो वॉचमन जयसिंगपूरहून आला होता. तोही आता निवृत्त आहे. फोटोला हार घालून बसला. जाताना मी विचारलं, कारखान्यात आता काय काय बदललं? म्हणाला, खोलीत नवी माणसं आली, संगणकही नवे आले. भाऊजींनी बसवलेल्या त्या दोन पेट्या तेवढ्या अजून चालू आहेत.