काटा फुल्ल दावतोय

माझ्या चुलतमामांना उभ्या आयुष्यात कुणी निवांत पाठ टेकून बसलेलं पाहिलं असेल, तर तो माणूस मला अजून भेटायचा आहे. जेवतानासुद्धा ते एक गुडघा उभा ठेवत, कारण मांडी घातली की उठायला वेळ लागतो. अर्धी दाढी झाली की उरलेली करण्याआधी अंगणात एक फेरी व्हायची. चहाची बशी हातात घेऊन ते अर्धं वलवण गाव हिंडून येत आणि रिकामी बशी भलत्याच ओट्यावर विसरत. मामींच्या बशा परत आणून देणं हा आळीतल्या बायकांचा नेमच होता. अशा माणसाला धरणावर नोकरी मिळाली ती यंत्रांचे काटे वाचून वहीत मांडायची. दिवसभर या काट्याकडून त्या काट्याकडे धावायला मिळाल्यानं मामा खूश झाले, आणि त्यांचा काट्यांवर देवापेक्षा जास्त विश्वास बसला. "मानूस खोटं बोलंल, काटा न्हाई बोलायचा," असं ते म्हणत. मामी तापानं फणफणल्या असताना थर्मामीटरचा पारा चढेना, म्हणून त्यांनी मामींना बरं ठरवून टाकलं होतं. थर्मामीटर फुटका होता.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लोणावळ्याचा एक बंगलेवाला गाव सोडून गेला, त्याची जुनी मोटारसायकल मामांनी घेतली. तिचा डायनामो केव्हाच मेला होता, त्यामुळे ठिणगीसाठी बॅटरी घरीच चार्ज करावी लागे. त्यासाठी मामांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून विजेवर चालणारी चार्जिंगची एक पेटी आणली. तिच्यावर काचेआड काटा होता. तो उजव्या टोकाला गेला की बॅटरी भरली. मामांनी पहिल्यांदा पेटीचे दोन्ही चिमटे बॅटरीला लावले आणि काटा तत्काळ उजवीकडे गेला. इतकी गुणी बॅटरी आपण पाहिली नाही, असं ते महिनाभर सांगत होते.

त्याच सुमारास बेडशाहून निरोप आला. तिथे दिलेली त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आक्का, आजारी होती आणि भावाला बोलवत होती. सोमवारी मामा मला मागे बसवून निघाले. कार्ल्याच्या फाट्यावर गाडी खोकली आणि थांबली. मामांनी प्लग काढला, पुसला, फुंकला. पेट्रोल हुंगून पाहिलं. शेवटी आम्ही ती ढकलत परत आणली. मंगळवारी नव्या वायरी घातल्या, तर गाडी वाकसईच्याही पुढे गेली नाही. मी आगगाडीनं जाऊ म्हटलं, तेव्हा ते माझ्यावरच चिडले. "बॅटरी भरल्याली हाय. काटा फुल्ल दावतोय. खोट दुसरीकडं हाय." बुधवारी त्यांनी कॉइल सोडवली, साफ केली, पुन्हा बसवली. या सगळ्यात ते दर घटकेला फाटकापर्यंत जाऊन बेडशाच्या दिशेनं बघून येत.

गुरुवारी सकाळी गाडीनं साधा हुंकारही दिला नाही. मामा चौथ्यांदा प्लग घासत होते. मामी पडवी झाडत होत्या. केरसुणीत अडकतात म्हणून त्यांनी पेटीचे मोकळे चिमटे उचलून खुंटीला टांगले होते. झाडता झाडता त्यांनी सहज विचारलं, "अवं, ही पेटी नुसतीच चालू हाय, बॅटरीला जोडल्याली न्हाई, तरी ह्यो काटा तितंच कसा?"

मामा उठून आले. काटा उजव्या टोकाला होता आणि चिमटे खुंटीवर. त्यांनी एक चिमटा हातात घेऊन त्याच्या दातांवरचा हिरवा गंज नखानं खरवडला. या गंजातून बॅटरीत काही जातच नव्हतं. काटा पेटीत विजेचा किती जोर आहे ते सांगत होता, बॅटरीत किती आहे ते नाही. मामा पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांदेखत मांडी घालून खाली बसले. मग पायात वहाणा घालून स्टेशनकडे निघाले, आणि मी त्यांच्यामागे.

कामशेतला उतरून आम्ही चालत बेडशाला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आक्का घोंगडीवर पडली होती, फार वाळली होती. तिनं डोळे उघडून भावाकडे पाहिलं.

"कवा निघालास रं?"

"सोमवारी."

"आज बेस्तरवार हाय."

"चुकलं माजं, आक्का."

ती थोडा वेळ त्यांच्या काळ्या झालेल्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जेवलास का?"

आक्का त्या दुखण्यातून उठली. मामांनी चिमटे घासले, बॅटरी खरोखर भरली, गाडी चालवून दाखवली आणि विकून टाकली. बेडशाला मात्र ते दर आठवड्याला जात राहिले, कामशेतपर्यंत आगगाडीनं आणि पुढे पायी.

पुढच्या वर्षी भात काढून झाल्यावर आक्का गेली. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. मामा मात्र ती गेली त्याच्या आदल्या दिवसापासून तिथेच होते. त्या दिवशी म्हणे ती चांगली उठून बसली होती, पेज प्यायली होती, हसून बोलत होती, आणि सगळ्यांनी मामांना आता घरी जा म्हणून सांगितलं होतं. तुम्ही कसे थांबलात, असं मी विचारलं.

"लय बरी दिसत व्हती," मामा म्हणाले. "म्हनूनच थांबलो."