पिवळी सुरत, पिवळा खानदेश

सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत समोरच एक खानदेशी पोरगा राहतो. माझ्या गॅलरीत साड्या वाळताना दिसल्या की खालून ओरडतो, "ताई, दोन हिरव्या शेजारी नको! एक जरा सरकवा ना." मी वैतागते, पण सरकवते. दिवसभर तो कॉम्प्युटरवर साड्यांच्या छपाईचे रंग जुळवतो आणि सुटीच्या दिवशी स्वतःची एक प्रोग्रामिंगची भाषा बनवतो. तिचा उपयोग काय, असं विचारलं तर खूश होऊन सांगतो, "काहीच नाही!"

त्या भाषेत अक्षरं नाहीत. प्रोग्राम म्हणजे रंगवलेला नकाशा. प्रत्येक रंग हा एक हुकूम, आणि हद्द ओलांडली की पुढचा हुकूम. शेजारच्या दोन मुलखांना एकच रंग दिला तर मशीन अडून बसतं. हा नियम त्याचाच.

रविवारी त्याने मला पहिला प्रोग्राम बघायला बोलावलं, आणि मशीन अडलं. त्याने सुरत पिवळी रंगवली होती आणि तिला खेटून खानदेशही पिवळाच. मधला जिल्हा तर गाळूनच टाकला होता.

"खानदेश निळा कर की," मी म्हटलं.

"दोन्हीकडे घरच आहे ना, ताई," तो म्हणाला. रंग तसाच ठेवून त्याने नियमच बदलला: रंग एक असेल तर मध्ये हद्द नाही, सरळ जायचं.

पडद्यावर अहिराणी उमटली. त्याने ती मोठ्याने वाचली, "कसं काय शे?"

"बरं शे!" स्वयंपाकघरातून त्याची आई म्हणाली.

घरी येऊन मी दोन्ही हिरव्या साड्या खेटून वाळत घातल्या. आता ओरड म्हणावं.