गोठलेल्या तळ्यावर गरवायला

उल्का तोरस्कर मँचेस्टरला आली तेव्हा तिच्या व्हिसावर ‘डिपेंडंट’ असा शब्द होता, आणि तो तिला मुळीच आवडला नव्हता. कराडच्या पॉलिटेक्निकमधून तिनं ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला होता. वर्गात ती एकटीच मुलगी. मग चिंचवडला एका दुचाकी कंपनीच्या सर्व्हिस विभागात नोकरी. नवरा विनय सॉफ्टवेअरच्या कामावर इकडे आला, त्याच्याबरोबर हीही आली, आणि पहिलं वर्षभर घरात बसून तिनं खिडकीतून पाऊस बघितला.

नंतर तिला शहराबाहेर, पूर्वेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी, कॉलिन नावाच्या माणसाच्या गॅरेजात काम मिळालं. तिथं क्वाड बाइक विकायच्या आणि दुरुस्त करायच्या. आसपासचे मेंढपाळ चार जाड चाकांच्या त्या गाड्यांवर बसूनच डोंगर चढतात. कॉलिन म्हणाला होता, आठवडाभर करून बघ, मग ठरवू. आठवडा संपला तेव्हा दोघांच्याही हाताला इतकं काम होतं की ठरवायचं राहूनच गेलं. ते तसंच चार वर्षं चाललं.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात उल्काच्या सासूबाई गेल्या. मालवणच्या घरात सासरे, शशिकांत तोरस्कर, एकटे राहिले. विनय जाऊन त्यांना घेऊन आला. बाबा एकेकाळी बोलघेवडे. बंदर खात्यात नोकरी झालेली, लाँचवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी ओळख. पण मँचेस्टरला जे उतरले ते वेगळेच. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे. जेवायला वाढलं की जेवायचे. बाकी वेळ रेडिएटरजवळच्या खुर्चीत. टीव्ही चालू असला तरी आणि बंद असला तरी नजर तिकडेच.

“डॉक्टरना दाखवू या का?” विनयनं एकदा विचारलं.

“दाखवू. पण आधी मी त्यांना गॅरेजात नेऊन बघते,” उल्का म्हणाली. “इथं दिवसभर एकटे बसून काय करणार?”

कॉलिनची काही हरकत नव्हती. बाबा कोपऱ्यातल्या हीटरपाशी स्टुलावर बसायचे, चहा प्यायचे, हिच्या हाताकडे बघत राहायचे. बोलायचे नाहीत, पण सकाळी उल्का बूट घालायला लागली की स्वतःचा कोट चढवून दाराशी उभे राहायला लागले. तिनं तेवढ्यावर समाधान मानलं.

डिसेंबरात एर्की आला. हा मूळचा फिनलंडचा. कागद गिरणीतला इंजिनिअर, तरुणपणी इंग्लंडला आला आणि इथलाच झाला. साठी उलटलेली, गुडघा एक धड नाही. व्हॅनमागच्या ट्रेलरवर त्यानं आपली जुनी क्वाड आणली होती आणि व्हॅनमध्ये चार मोठी खोकी. खोक्यांत रबरी पट्टे होते. रणगाड्याला असतात तसे, पण लहान, तिकोनी. चाकं काढायची आणि त्या जागी हे बसवायचे.

“वर आमच्या क्लबचं तळं आहे,” तो म्हणाला. “यंदा थंडी खरी पडणार असं माझा गुडघा सांगतोय. तळं गोठलं तर मला बर्फाला भोक पाडून मासे धरायचेत, लहानपणी धरायचो तसे. पण वर जायची वाट बर्फानं भरली की चाकं रुततात. आणि मला लांबवर चालवत नाही.”

“गाडी तळ्यावर नेणार?” उल्कानं विचारलं.

“वेडा आहे का मी? इथला बर्फ फिनलंडच्या बर्फासारखा नाही. गाडी काठावर राहील. मी चालत जाईन, तेसुद्धा आधी जाडी मोजून.”

असं काम उल्कानं आधी कधी केलं नव्हतं. मागचे दोन पट्टे सुखासुखी बसले. पुढचे अडले. प्रत्येक पट्ट्याला एक दांडा असतो. तो सस्पेन्शनला जखडला नाही तर खड्डा आला की सगळा पट्टा कोलांटी मारतो. डाव्या बाजूला त्या दांड्याची पट्टी ब्रेकच्या नळीला घासत होती. कॉलिननं बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “मलाही ठाऊक नाही. तूच काहीतरी काढ.” उल्कानं लोखंडाचा एक तुकडा कापून मधे घातला. पहिला जाड झाला, दुसरा पातळ. तिसरा घालत असताना टॉर्च धरायला कुणी नव्हतं, म्हणून ती सवयीनं म्हणाली, “बाबा, जरा धरता का?”

बाबा स्टुलावरून उठले आणि गाडीशी वाकून उभे राहिले. मग म्हणाले, “माणूस बर्फात गुडघाभर जातो नि हे एवढं धूड वर राहणार?”

“भार पसरतो ना, बाबा. चाक एवढ्याशा जागेवर टेकतं. पट्टा केवढा लांब आहे बघा.”

“म्हणजे खाडीच्या चिखलात फळी टाकून चालतात तसं.”

“अगदी तसंच,” ती म्हणाली, आणि खाली बघून नट आवळत राहिली. एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून कित्येक आठवडे झाले होते. वर बघितलं तर ते पुन्हा गप्प होतील अशी तिला भीती वाटली.

नाताळाच्या थोडं आधी खरोखरच कडाक्याची थंडी पडली. शनिवारी सकाळी एर्की गाडी न्यायला आला. क्लबच्या राखणदारानं तळं मोजलं होतं. माणसाला पुरेल इतका बर्फ होता. उल्कानं त्याला सगळं समजावलं: वेग कमी ठेव, वळण मोठं घे, पट्ट्यांवर पेट्रोल जास्त लागतं, परत आलास की बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे. तो मान हलवत होता, पण लक्ष सगळं डोंगराकडे.

तेवढ्यात बाबा पुढे आले. “उल्का, त्याला विचार, मी येऊ का म्हणून.”

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “कुठं, बाबा?”

“गरवायला. बर्फात कसे गरवतात बघू दे तरी.”

मालवणच्या खाडीत गळ टाकून बसणं हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. मुंबईला बदली झाली तेवढी वर्षं सोडली तर रविवार कधी चुकला नव्हता. एर्कीला तिनं सांगितलं तर तो हसला. गाडी दोन सीटची होती.

विनय ऑफिसात होता, त्याच्याकडे वीकेंडचं सॉफ्टवेअर रिलीज होतं. फोनवर तो म्हणाला, “उल्का, आर यू शुअर? बाबांना बीपी आहे. बाहेर मायनस आहे.”

“त्यांनी स्वतःहून मागितलंय, विनय. मी नाही म्हणणार नाही. मी बघते सगळं.”

“ओके. तू म्हणतेस तर.”

तिनं बाबांना दोन स्वेटर, कॉलिनची लोकरी टोपी आणि स्वतःचे जास्तीचे हातमोजे घातले. जेवायच्या वेळेला परत येतो असं सांगून दोघे म्हातारे गेले.

जेवायची वेळ झाली आणि गेली. मग बर्फ पडायला लागला. आधी भुरभुर, मग असा की रस्त्यापलीकडचं कुंपण दिसेना. एर्कीचा फोन लागत नव्हता. वर रेंज नसते हे तिला माहीत होतं, तरी ती लावत राहिली. कॉलिन एका फार्मवर गेलेला. गॅरेजात ती एकटी, आणि डोक्यात तो डावा दांडा. शेवटचा नट आपण चहाच्या आधी आवळला की नंतर? आवळला तरी का? तिला हात आठवत होता, पाना आठवत होता, पण तो नट उजवीकडचा होता की डावीकडचा, ते काही केल्या आठवेना. उतारावर पट्ट्यानं कोलांटी मारली तर गाडी उलटते. गाडीवर मागे बाबा. आणि विनयला तिनं सांगितलं होतं, मी बघते.

कॉलिन आला तेव्हा ती अवजारं, दोर आणि पेट्रोलचा कॅन घेऊन तयारच उभी होती. त्यानं गॅरेजातली एक क्वाड ट्रेलरवर चढवली आणि लँडरोव्हर काढली. डोंगराच्या वाटेवरच्या फाटकापाशी एर्कीची व्हॅन उभी होती, टपावर बर्फाची गादी.

“मी इथं थांबतो, इथून फोन लागतो,” कॉलिन म्हणाला. “अंधार पडायला लागेपर्यंत तू आली नाहीस तर रेस्क्यूवाल्यांना बोलावीन. वाट सोडू नकोस.”

पट्ट्यांच्या खुणा नव्या बर्फाखाली बुजत चालल्या होत्या, पण रुंद असल्यामुळे दिसत होत्या. उल्का त्यांच्यावरूनच गाडी हाकत राहिली. चाकं सारखी घसरत होती. एका दगडी बांधाच्या वळणावर तिला एर्कीची क्वाड दिसली. सरळ उभी होती. सीटवर बर्फ साचलेला. जवळ कुणी नाही.

ती उतरली आणि आधी डाव्या बाजूला गुडघ्यांवर बसली. हातमोजा काढून बर्फ खरवडला. नट जागेवर होता, घट्ट. उजवीकडचाही. पट्टे शाबूत. मग तिनं टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. टाकी कोरडी ठणठणीत.

तिथंच बर्फात बसून तिनं एक मोठा श्वास सोडला. पेट्रोल संपलं होतं, एवढंच. पण मग माणसं कुठं? बांधाच्या आडोशाला पावलं उमटली होती, दोघांची, शेजारी शेजारी, आणि मधे काठीची भोकं. ती खाली येत नव्हती, वर तळ्याकडेच परत गेली होती.

थोडं वर चढल्यावर तळं दिसलं, पांढरं आणि सपाट. काठावर क्लबची लाकडी खोपटी होती आणि तिच्या धुराड्यातून धूर येत होता. उल्का चालत दारापर्यंत आली आणि थबकली. आतून बाबांचा आवाज येत होता. थोडं इंग्रजी, थोडं मराठी, पण सलग, न थांबता.

“टाइड कमिंग, यू सी, भरतीचं पाणी. दॅट टाइम ओन्ली फिश कमिंग. पण आमचा बोटवाला, ही इज स्लीपिंग…”

तिनं दार ढकललं. स्टोव्हपाशी दोघे बसले होते. एर्की गळाची दोरी गुंडाळत होता, बाबांचे मोजे वाळत टाकले होते. पायाशी बादलीत तीन मासे, अंगावर काळे पट्टे आणि पर लाल.

“अगं, तू कशाला आलीस एवढ्या थंडीत?” बाबा म्हणाले.

उल्का लाकडांच्या ढिगावर बसली. बाबा उठले. त्यांनी तिच्या टोपीवरचा बर्फ झटकला आणि थर्मासमधली शेवटची कॉफी तिच्या हातात दिली.

“गाडी बंद पडली तेव्हा खाली चालत यायचा विचार केला होता,” एर्की सांगू लागला. “पण माझा गुडघा हा असा, आणि हे गृहस्थ पाहुणे. इथं लाकडं आहेत, छप्पर आहे. म्हटलं, कुणीतरी येईपर्यंत बसावं. काळजी लावली तुला. माफ कर.”

“पेट्रोलचं मी नीट बजावायला हवं होतं,” ती म्हणाली.

“बजावलं होतंस. माझे कान माशांकडे होते.”

“ह्यानं सांगितलं, घाबरू नका,” बाबा मराठीत म्हणाले. “म्हटलं, आय नॉट अफ्रेड. माझी सून येईल. तिनंच तर गाडी बांधलीय.”

बांधापाशी परतल्यावर कॅनमधलं पेट्रोल टाकीत गेलं आणि एर्कीची क्वाड लगेच सुरू झाली. रुतली ती उल्काचीच गाडी, वळवताना, पार इंजिनापर्यंत. मग दोर बांधला. पट्ट्यांवरची गाडी एकदा गुरगुरली आणि हिची गाडी अलगद बाहेर आली. मागच्या सीटवरून बाबा वळून बघत होते. ते हसत होते.

फाटकापाशी पोचले तेव्हा उजेड संपत आला होता. कॉलिन हातात फोन धरून येरझाऱ्या घालत होता. तिघांना बघून त्यानं फोन खिशात टाकला, टोपी काढली आणि पुन्हा घातली. “चला, चहा,” एवढंच म्हणाला.

विनयचे बरेच मिस्ड कॉल होते. पहिल्या रिंगला त्यानं उचलला.

“आहेत. बरे आहेत,” उल्का म्हणाली. “पेट्रोल संपलं होतं फक्त.”

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. “मी निघालोच होतो, टॅक्सीत आहे,” तो म्हणाला. “दे त्यांना.”

बाबांनी फोन घेतला. “अरे, ऐक. ताटलीएवढं भोक पाडतात. गिरमिटानं. आणि गळाची काठी केवढी, तर वीतभर. मी म्हटलं, ह्यानं काय लागणार? तर पहिला मलाच लागला…” लँडरोव्हर हळूहळू उतरत होती, कॉलिन गाडी रस्त्यावर ठेवायच्या नादात होता, आणि बाबा बोलत होते. मधेच ते थांबले. “तुझ्या आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, थापा मारताय.” मग बराच वेळ त्यांनी फोन नुसताच कानाला धरला. विनय काय म्हणाला ते उल्काला ऐकू आलं नाही. बाबा म्हणाले, “हो रे. मलाही येते.”

घरी पोचल्यावर बाप-लेक किचनमध्ये मासे साफ करायला बसले. कुठून कापायचा यावर दोघांचं एकमत होईना, आणि आवाज बाहेरपर्यंत येत होते. उल्का सोफ्यावर ब्लँकेट घेऊन पडली होती. पायांची बोटं आता दुखायला लागली होती, म्हणजे त्यांत जीव परत येत होता. मसाला कुठं आहे असं विनयनं आतून विचारलं. तिनं ऐकलं, सांगायला तोंड उघडलं, आणि सांगता सांगताच तिला झोप लागली.